धुतलेल्या थैल्या

सत्तरचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मी नागपुरात माती तपासायच्या एका कचेरीत लागले. लांबून आलेली माती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीनं ठेचायची, चाळायची आणि तपासणीला द्यायची, एवढंच माझं काम. मी सावनेरकडच्या काळ्या रानात वाढलेली. माती म्हणजे काळीच, बाकी सगळी धूळ, असा माझा तोरा होता.

एका जानेवारीत आमचे साहेब पूर्वेकडच्या दाट जंगलाच्या डोंगरांतून दोन थैल्या घेऊन आले. तोंडं सोडली आणि खोलीभर ओल्या पानांचा, शेवाळाचा आणि कुठंतरी जुन्या धुराचा वास पसरला. माती लालसर पिवळी, लोण्यासारखी मऊ. चाळणी हलवता हलवता माझा हात थांबायचा. बाहेर नागपूरचं कोरडं ऊन आणि मी मात्र बांबूच्या बनात, अनवाणी, धुक्यातून वर चढत असायची. कुणी हाक मारली की मला चक्क राग यायचा.

साहेब वडिलांच्या वयाचे, बोलणं आमच्याच गावाकडचं. ते सांगायचे, "तिकडं नांगर नाही वं. जंगलाचा तुकडा तोडतात, वाळवतात, पावसाच्या आधी जाळतात. राखेनं मातीचा आंबटपणा मरते. पहिल्या साली धान झकास. तिसऱ्या सालापर्यंत पाऊस सारी ताकद धुऊन नेते, मंग तो तुकडा सोडून द्यायचा."

"अन् सोडलेल्याचं काय होते?"

"निजते. झाडं चढतात, पानं सडतात, माती हळूहळू भरून येते. पहिले एक पिढी निजू देत. आता घरं वाढली, डोंगर तेवढाच."

त्या दोन थैल्या एका म्हाताऱ्याच्या होत्या. त्याचे दोन उतार, एक वरचा, एक खालचा, दोन्ही दहा वर्षं निजलेले. यंदा कोणता उठवायचा, एवढंच त्याला विचारायचं होतं. कच्चा उठवला तर धान येत नाही आणि नुसतं गवत माजतं. मग जंगल परत यायचं नाव घेत नाही. त्याच्या घरच्या नऊ माणसांचं वर्षभराचं पोट त्या उत्तरावर होतं.

आतल्या चिठ्ठ्या ओलीनं केव्हाच विरल्या होत्या. थैल्यांवर मात्र शाईनं 'वर' आणि 'खाली' लिहिलेलं होतं. मी प्रत्येक परातीत माती पसरली आणि तिची थैली परातीखाली ठेवली. इथवर ठीक होतं.

आमच्याकडे कुणाची थैली मळकी परत देत नाहीत. दाणे देऊन गेलेल्याची थैली आई धुऊन, वाळवून, घडी घालूनच पाठवायची. ती सवय हातात होती. एका दुपारी गाणं गुणगुणत मी त्या दोन्ही थैल्या साबणानं स्वच्छ धुतल्या, गच्चीवर वाळवल्या आणि घड्या घालून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. शाबासकीची वाट पाहत उभीही राहिले.

साहेबांनी घडी उलगडली. उलटसुलट करून पाहिली. "काहून धुतल्या वं?" एवढंच बोलले.

मी परातींकडे धावले. दोन्ही सारख्याच. कोणत्या परातीखाली कोणती थैली होती, ते काही केल्या आठवेना. तपासणी झाली तेव्हा एक माती छान भरून आलेली निघाली, दुसरी अजून रिकामी. म्हणजे उत्तर आमच्या हातात होतं, फक्त ते कोणत्या उताराचं हे ठाऊक नव्हतं. अंदाजानं लिहून टाकावं, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. साहेब म्हणाले, "चुकलो तर त्याचा डोंगर जाईल." त्यांनी पुन्हा माती पाठवायला कळवलं. पण ते पत्र डोंगर चढून पोचेपर्यंत तिकडं पाऊस लागला होता.

पुढच्या हिवाळ्यात साहेब तिकडे जाऊन आले. मी चहा ठेवला आणि भीत भीत विचारलं, "त्यानं कोणता जाळला?"

"कोणताच नाही. पोरं मागं लागली होती, पण नागपूरची चिठ्ठी येऊ द्या म्हणे. पोरं सडकेवर गिट्टी फोडाले गेली, अन् म्हातारा चिठ्ठीची वाट पाहत बसला."

मला वाटत होतं, तो आम्हाला शिव्या देऊन मोकळा झाला असेल. मला तेच हवं होतं.