तिसरी काडी

भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांच्या एका दुकानात कुंदन अकरा वर्षं भांडी ठोकून पाहतोय. घागरीला टिचकी मारली, की चीर कुठं आहे ते त्याला आवाजावरून कळतं. कौतुकाचीच गोष्ट, पण हीच कसोटी त्यानं साऱ्या जगाला लावली. जिन्याचा कठडा हलवल्याशिवाय तो पाय टाकत नाही. बहीण रेणू म्हणायची, "दादा, तू तं झोपतानीही हेल्मेट घालशील."

तेवढ्यावरून पेटून उठून तो पाठीवर बॅग टाकून बपेरा गावापलीकडच्या धबधब्याला एकटाच निघाला. बॅगेत शिट्टी, टॉर्च, दोरी आणि तीन जातींच्या गोळ्या.

एसटीत शेजारी टिकाराम बसले. लाखनीकडचे, साठीचे. गावच्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना वाटून देणारे पाणकर. त्यांनी उकडलेले शिंगाडे पुढं केले. कुंदननं आधी वास घेतला.

"जहर नाही बाबू, सुनेनं उकडले."

"तसं नाही काका... तुमी एकटेच धबधब्यावर कायले चाल्ले?"

"चाळीस वर्षं लोकाईच्या बांधीत पाणी सोडलं. बिनकामाचं पाणी कसं पडते, तेवढं एकदा पाहून घेतो."

कुंदन हसला आणि दुसरा शिंगाडा त्यानं न हुंगता खाल्ला.

आडवार असल्यानं धबधब्यावर चिटपाखरू नव्हतं. नाल्यातल्या दगडांवरून दोघं मधल्या मोठ्या खडकावर गेले. बॅग भिजेल या भीतीनं कुंदननं ती काठावरच ठेवली. भीतीवरचं सगळं सामान असं काठावर राहिलं.

खडकाच्या वरच्या टोकाला पुरात आलेल्या फांद्या अडकल्या होत्या. त्यांच्यामागं धबधब्याचा डोह तुंबलेला. कुंदन फोटो काढत होता, तेवढ्यात टिकारामांचा हात आपोआप पुढं गेला. अडलेलं पाणी दिसलं की मोकळं करायचं. त्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. त्यांनी एक फांदी ओढली.

एकच. मग बाकीच्या आपणहून निघाल्या.

पाणी खडकाच्या दोन्ही बाजूंनी सुटलं. ज्या दगडांवरून दोघं आले होते, ते बघता बघता बुडाले.

"काका, हे काय केलं तुमी!"

"हात गेला, बाबू," टिकाराम स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाले.

कुंदनला पोहता येत नव्हतं. मोबाइलला रेंज नव्हती. शिट्टी काठावरून त्याच्याकडं बघत होती.

टिकारामांनी खडकाच्या उतारावरच्या भेगांत एकीवर एक तीन काड्या खोचल्या. "डोह रिता होईतवर पाणी चढन. तिसरीच्या खाली थांबलं तं आपण वाचलो."

"अन् नाही थांबलं तं?"

टिकारामांनी तिसरी काडी भेगेत आणखी खोल दाबली.

पहिली काडी गेली. कुंदननं पायाखालचा खडक ठोकून पाहिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला आवाजातलं काही कळेना. सगळीकडं पाण्याचाच आवाज होता. वर आणखी एक ओंडका कडकडत सुटला. दुसरी काडी वाकली आणि दिसेनाशी झाली. गार पाणी बुटात शिरलं. त्याला वाटलं, आपण नाही परतलो तर रेणू जन्मभर ते हेल्मेटचं वाक्य आठवत बसेल.

"काका, तुमाले भेव नाही लागून राहिलं?"

"लागून राहिलं ना बे. तलाव माह्या ओळखीचा. हे पाणी कोनाचं, मले काय मालूम?"

हे ऐकून कुंदनची उरलीसुरली हिंमत गेली. त्यानं म्हाताऱ्याचं मनगट पकडलं.

पाणी तिसऱ्या काडीच्या बुडाला लागलं. काडी हलायला लागली. दोघं तिच्याकडं असे बघत होते, जणू पापणी लवली तर काडी बुडेल.

काडी हलायची थांबली.

बऱ्याच वेळानं तिच्याखाली बोटभर ओला खडक दिसला. "डोह उतरला," टिकाराम पुटपुटले. दगड वर आले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि शेवटची एसटीही. कुंदननं प्रत्येक दगड पायानं ठोकला, मगच भार टाकला. टिकाराम मुकाट्यानं त्याच्या मागं. काठावर पोचल्यावर कुंदन बॅगेला मिठी मारून बसला. कितीतरी वेळ उठलाच नाही.

मग दोघं पायी बपेऱ्याकडं निघाले. वाटेत एका शेताच्या पाटात पालापाचोळा अडकून पाणी तुंबलं होतं. टिकारामांची चाल मंदावली. बोटं वळवळली.

"काका," कुंदन म्हणाला, "हात नोका लावू."

"अरे, थोडंसंच..."

कुंदननं त्यांचं मनगट पुन्हा धरलं, ते थेट गावात पोचल्यावरच सोडलं.