माईकवाली

"आता कुणी श्वास सोडायचा नाय!" असं ती माईकवर ओरडली की चढाई करणाऱ्याबरोबर अख्खं मैदान श्वास रोखायचं.

पेण-रोह्याकडच्या कबड्डी स्पर्धा तुम्ही पाहिल्या असतील, तर हा आवाज विसरला नसाल. नवखी माणसं त्या आवाजाची बाई शोधत राहायची. ती दिसणार कुठून? जेमतेम माझ्या कमरेला लागेल एवढी तिची उंची. म्हणून ती खुर्चीवर उभी राहायची. मी शेजारी गुण लिहायला. सामना रंगला की माझ्या खांद्यावर तिच्या थापा सुरू. रामवाडीत घरी येऊन खांदा चोळायला लागलो की बायको विचारायची, "आज फायनल होती वाटतं?"

माईकवालीचं माहेर वडखळजवळ खाडीकाठी, मिठागरात राबणारं. सासर रोह्याचं. नवरा चांगला उंच, कंपनीत शिफ्टला जाणारा. "आवाजावर भाळला, मग बघायला आला, तरी पळाला नाय!" असं सांगून तीच सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

नागोठण्याला एकदा कुणीतरी ओरडलं, "बाई, खुर्चीवरनं उतरा की!"

"उतरले तर मी दिसायची नाय, न् माझ्याशिवाय खेळ तुम्हाला कळायचा नाय. बसा खाली!" मैदान हसून लोटपोट.

रोह्यातल्या एका सामन्याच्या मध्यंतरात तिनं माईक बंद केला. तिला दिवस गेल्याचं आम्हाला ठाऊक होतं.

"दादा, बाळ माझ्यासारखंच हाय. डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघितलं. हाडं आखूड हायत."

मी गुणांची वही मिटली.

मग घरात काय झालं ते तिनं सांगितलं. तिची नणंद वयानं मोठी. आई लवकर गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलेलं. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत, काय ते तुम्ही ठरवा. अजून वेळ हाय. कशाला असलं पोर जन्माला घालायचं?"

"वन्सं, पोराला त्रास होईल म्हणा, मला पटतं. मी सोसलाय. बाजारात निघाले की पोरं मागनं चालून नक्कल करायची. पण असलं पोर नकोच म्हणता ना, ते माझ्याकडे बघून म्हणा. मी जन्मले नसते तर बरं झालं असतं काय?"

नणंद उठून गेली ती गेलीच. येणं बंद.

"आणि नवरा?" मी विचारलं.

"आधी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणतो, दोघं मिळून घरात एवढा आवाज करणार, शिफ्टवरनं आल्यावर मला झोप कशी लागायची?" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले होते. एवढ्यात शिट्टी झाली. ती खुर्चीवर चढली, आणि त्या दिवशी जे बोलली, ते ऐकून हरणारा संघसुद्धा इरेला पेटला!

शेवटचे महिने अवघड गेले. तिला नीट श्वास घेता येईना. डॉक्टरांनी तिला आधीच दवाखान्यात ठेवून घेतलं, वेळेवर ऑपरेशन केलं. नवऱ्याचा फोन आला, तो धड बोलतच नव्हता, नुसता ओरडत होता. "दादा, मुलगी झाली! दोघी बऱ्या हायत! ऐका, रडतेय बघा कशी!"

पुढे त्याला गुजरातेत नोकरी लागली आणि तिघं तिकडे गेली. आता माईकवर दुसरं कुणी असतं. मला मात्र ती बारशाची दुपार डोळ्यांसमोर दिसते. पाळणा सजलेला, आम्ही सगळे कबड्डीवाले दाटीवाटीनं बसलेलो. नाव ठेवायचं आत्यानं, आणि तिचाच पत्ता नाही. एक चुलत आत्या पुढे झाली, तर ही म्हणाली, "नको. वन्सं येतील."

खूप वेळानं नणंद दारात उभी राहिली. बायकांनी सरकून वाट करून दिली. ती पाळण्यापाशी आली, वाकली. बाळानं तिचं बोट धरलं.

"नाव काय ठरवलंय गो?"

"तुम्ही ठेवा, वन्सं."

तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. "मोठ्यानं, मोठ्यानं!" बायका ओरडल्या.

"इंदू," ती म्हणाली. "आमच्या आईचं नाव."

मग तिनं बाळाला उचलून छातीशी घेतलं आणि ते इवलंसं तोंड एकेका बाईला दाखवत ती घरभर फिरली.