सहादेव गुरुजींचा कडा

दिनांक ११ एप्रिल १९७१ रोजी आमच्या वाचनालयाने सहादेव गुरुजींच्या व्याख्यानासाठी बेचाळीस रुपये पन्नास पैसे मंजूर केले. विषय होता ‘कडा : एका शब्दाचा अर्थ आणि उगम’. अकोले तालुक्यात गुरुजींची बत्तीस वर्षे नोकरी झाली होती, पण डोंगर ते वर्गातल्या नकाशावरच चढले होते.

मूळ संस्कृत शब्द ‘कटक’, म्हणजे डोंगराची बाजू. त्याचाच दुसरा अर्थ हातातले कडे. तेव्हा डोंगराला वेढून बसतो तो कडा, असे गुरुजींचे म्हणणे. अध्यक्षांनी विचारले, “हा वेढा तुम्ही पाहिलाय?” गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवले. पाहून या, नाहीतर व्याख्यान रद्द, असे ठरले. गुरुजींनी तर नवा कोट शिवायला टाकला होता.

मध काढणारा बन्सी त्यांना न्यायला तयार झाला. वेढा पाहायचा तर दोराने दोन पुरुष खोल, कपारीत उतरावे लागणार होते. त्याची अट एकच.

“दोर मेव्हन्यानं धरायचा. दुसऱ्या कुनाच्या हाती आमी जीव देत न्हाई.”

“का बरं?”

“त्याच्या बहिनीचं कुंकू हाय ना दोराला.”

गुरुजींचा मेव्हणा सूर्यभान चार वर्षे त्यांच्याशी बोलत नव्हता. त्याच्या लग्नपत्रिकेतल्या अकरा चुका गुरुजींनी भर मांडवात वाचून दाखवल्या होत्या. गुरुजींच्या पत्नी चांगुणाबाईंनी भावाला निरोप धाडला, म्हणून तो आला.

कमरेला दोर गुंडाळून तो दगडाला पाय लावून बसला. गुरुजींचे पाय हवेत गेल्यावर त्याने शांतपणे विचारले, “दाजी, चुका किती हुत्या?”

“एकही नव्हती.”

“आन् छपाई?”

“सुरेख होती.”

“मोठ्यानं बोला, बन्सीला ऐकू येत न्हाई.”

गुरुजी मोठ्याने बोलले. मग त्याने हातभर हातभर दोर सोडला. बन्सी काठावर पालथा पडून पाहत होता. कपारीत पोचून परत वर येईपर्यंत गुरुजींनी डोळे उघडले नाहीत.

वर आल्यावर श्वास जागेवर आला तेव्हा त्यांनी बन्सीला विचारले, “तुमच्यात कडा म्हणजे काय रे?”

“जिथून म्होरं पाय ठेवाया जागा न्हाई, त्यो कडा.”

हे गुरुजींनी टिपून घेतले नाही. त्यात व्युत्पत्ती नाही, म्हणाले.

व्याख्यान दीड तास चालले. “हा वेढा मी प्रत्यक्ष पाहिला आहे,” असे गुरुजी नव्या कोटात तीनदा म्हणाले. टाळ्या झाल्या. मागच्या बाकावर बसलेल्या सूर्यभानने टाळी वाजवली नाही. “दोरावर बरं बोलत हुते,” एवढेच म्हणाला.

त्या दिवशी कड्यावर येण्याजाण्याचे त्याचे एस.टी. भाडे, तीन रुपये दहा पैसे, गुरुजींकडून अजून यायचे आहे.