पंधरा मीटर पोपट

काल ट्रंकेत पोपटांच्या छापाची जुनी खोळ सापडली आणि पेडण्याचं घर आठवलं. खिडकीला दीडशे सेंटीमीटर पडद्याचं कापड हवं होतं. मी सातवीत, गणितात हुशार म्हणून तोऱ्यात. शंभराऐवजी दहाने भागलं आणि वास्कोला नोकरीला असलेल्या बाबांना ‘पंधरा मीटर’ कळवलं.

शनिवारी बाबा भलंमोठं गाठोडं घेऊन आले. "एवढी मोठी खिडकी आपल्या घराक खंय असा गो?"

मी रडकुंडीला आले. आई पोट धरून हसली. "शिवूया वाड्यावरच्या सगळ्या चेडवांका."

चवथीच्या आरतीला आम्ही अकरा मुली पोपटांच्या फ्रॉकात उभ्या होतो.

आता डिचोलीच्या शाळेत मी हेच गणित शिकवते. कुणी चुकलं की त्या आरतीला काढलेला आमचा फोटो दाखवते. त्यात मागे आमची खिडकी दिसते. तिला पडदा नाही.