डावा हातमोजा

फोन आला तेव्हा मी फोडणीला तेल ठेवलं होतं. पलीकडून सुरेखाचा आवाज, अगदी शांत. "मावशी, आई गेली." मी म्हणाले, "बरं." आता याला काय म्हणावं! बरं काय बरं? पण तोंडातून निघालं ते तेवढंच. फोन ठेवला, गॅस बंद केला, पुन्हा लावला, तेलात मोहरी टाकली, कारली परतली, वर झाकण ठेवलं आणि मग पदर खोचून त्यांच्या घराकडे निघाले. आमच्यापासून त्यांचं घर सहावं. एवढ्याशा वाटेत मला रडूसुद्धा आलं नाही. एकच वाक्य डोक्यात घोळत होतं... विमल, तुला ठाऊक होतं. सगळ्यांच्या आधी तुला ठाऊक होतं. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला, पण ते वाक्य काही हललं नाही.

सुरेखाची आई, द्वारकाताई, माझी नात्याची कुणी नव्हे. माझं माहेर अमळनेरच्या बाजूचं, तिचं चोपड्याकडचं. दोघींचे नवरे पोटापाण्यासाठी सुरतेत आले आणि तिथल्या पांडेसऱ्यात त्यांनी भिंतीला भिंत लावून दुकानं टाकली, कपडा रंगवायचे रंग मिलवाल्यांना विकायची. पण दुकानं उभी राहण्याआधी द्वारकाताईच्या घरची चूल तिच्या खानावळीवर पेटायची. खान्देशातून आलेली, लूमवर कापड विणणारी पोरं तिच्याकडे जेवायची. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी. पोरं तिला माय म्हणायची आणि ती त्यांना शिव्या घालून दुसरी भाकरी वाढायची. उन्हाळ्यात मिरच्या कुटायला बसली की दोन पोती संपवूनच उठायची. मग आठ दिवस हात भगभगायचे. ताकात बुडवून बसायची आणि वर मलाच म्हणायची, "बघ, कढीत बोटं शिजवतेय." भीती म्हणून या बाईला माहीत नव्हती. सुरतेत प्लेग आला त्या साली अख्खी गल्ली ट्रंका डोक्यावर घेऊन भुसावळच्या गाडीला लोंबकळली, त्यात आम्हीही होतो. ही मात्र राहिली. म्हणे, जी पोरं गावी जाऊ शकली नाहीत त्यांनी काय दगड खायचे? अशा बाईला कशाची भीती वाटत असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

आणि मग ती कोरियाची सहल आली. रंगाच्या कंपनीने जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना जोडीने परदेशी नेण्याची टूम काढली होती. आमचे हे आणि तिचे यजमान आप्पा, दोघांचाही नंबर लागला. दिवाळीनंतरचे दिवस, तिकडे कडाक्याची थंडी. आम्ही दोघी साडीवर स्वेटर, त्यावर शाल, पायांत मोजे आणि मोज्यांवर कापडी बूट, अशा अवतारात. बरोबरच्या गुजराती मंडळींनी स्वयंपाकाला आपला महाराज आणला होता, त्यामुळे सोलमध्ये उतरूनही सकाळी थेपलेच आणि संध्याकाळी खिचडीच. तिसऱ्या दिवशी द्वारकाताई वैतागली. "खिचडीच खायची होती तर पांडेसऱ्यात काय वाईट होती? चल, इथल्या बायका काय शिजवतात ते बघू." पुरुष कुठलीशी मशीन बघायला गेले होते. आम्ही हॉटेलच्या समोरच्या मोठ्या दुकानाच्या तळघरात उतरलो. सुपरमार्केट हा शब्द तोवर आम्ही नुसता ऐकला होता.

काय सांगू! आपल्याकडे दुकानदार काट्यापलीकडे बसतो, आपण मागायचं आणि त्याने द्यायचं. इथे सगळं उघडं, हाताला येईल असं. ढकलगाडी घ्या आणि हवं ते उचला. पण उचलणार काय? एका अक्षराचा पत्ता नाही. मी एक सुंदर निळी बाटली तेल म्हणून उचलली, द्वारकाताईने ती हलवून बघितली. फेस आला. "भांडी घासायचं आहे गं, यात भजी तळशील तर पाहुणे फुगे काढतील." हसून हसून आम्हाला ठसका लागला. मग ती वास घेऊ लागली, पिशव्या दाबून बघू लागली आणि तांदूळ, तीळ, लसूण, आलं असं एकेक ओळखून मला दाखवू लागली. आणि एका वळणावर ती थबकली. समोर लांबट कोबीचे ढीग, माणसाच्या उंचीचे. बाजूला जाड मिठाची पोती, लाल तिखटाच्या पिशव्या. बायका झुंबडीने कोबी नेत होत्या. एकेकीच्या गाडीत पंधरा-पंधरा गड्डे. सासू बोट दाखवतेय, सून उचलतेय. द्वारकाताई बघतच राहिली. "अगं, हे तर यांचं वाळवण! वर्षाचं करून ठेवताहेत." खरंच होतं ते. थंडीच्या तोंडावर तिकडे घरोघरी वर्षाचं कोबीचं लोणचं घालतात, ते आम्हाला नंतर कळलं. तिला मात्र बघताक्षणी कळलं होतं.

तिथेच एक बाई टेबल मांडून ते लोणचं करून दाखवत होती. आमच्याच वयाची, गोल चेहऱ्याची. कोपरापर्यंत लाल रबरी हातमोजे घालून कोबीच्या पानापानाला तिखट चोळत होती. द्वारकाताई जाऊन तिच्यासमोर उभी राहिली. त्या बाईने एका पानाची गुंडाळी करून सरळ तिच्या तोंडात भरवली. ना ओळख ना पाळख! त्यात सुकी मासळी होती हे संध्याकाळी गाइडने सांगितलं, तेव्हा जन्मभर शाकाहारी असलेली ही म्हणाली, "तिने प्रेमाने भरवलं, मी प्रेमाने गिळलं. आता मासळीने समजून घ्यावं." पण ते नंतर. तेव्हा तिने आपले हात पुढे केले आणि खुणेने सांगितलं, मीही मिरची कुटते, माझे हात असे होतात. त्या बाईने हातांवरच्या भेगा बघितल्या, जिभेने च्यक् केलं आणि मागच्या फळीवरून हातमोज्यांची जोडी काढून तिच्या हातांत चढवू लागली. हिरव्या बांगड्या आड येत होत्या. एकेक बांगडी वर सारत, हलक्या हाताने, तिने दोन्ही मोजे कोपरापर्यंत नेले. द्वारकाताईने मुठी मिटल्या, उघडल्या. बघते तर तिच्या डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, "तिखट लागलं का गं?" आणि म्हणताना माझी मलाच चूक कळली. ती मिरची म्हणजे नुसता रंग. तेवढ्याने चोपड्याच्या बाईच्या डोळ्यांत पाणी येत नसतं.

"विमल, तुले एक सांगस," ती म्हणाली. चारचौघांत ती नेहमी शुद्ध बोलायची, अहिराणी फक्त घरात. "मन्ह्या छातीमा गाठ शे. डावीकडे. श्रावणपासून." हे तिने कुजबुजत सांगितलं नाही. भाजी महागली म्हणावं तशा आवाजात, त्या भर गर्दीत, हातात लाल मोजे घालून. मी घाबरून इकडेतिकडे बघितलं. ती म्हणाली, "बघतेस काय? इथे कोणाला कळतंय? पांडेसऱ्यात भिंतीलाही आपली भाषा येते. चार महिने झाले, मला हे एकदा मोठ्याने बोलायचं होतं." आणि ती पुन्हा म्हणाली, आणखी मोठ्याने. गाठ शे. ती लोणच्याची बाई हसून मान हलवत होती, तिला वाटलं लोणचं आवडलं.

मी तिथेच तिच्या मागे लागले. आप्पांना सांग, आजच सांग, घरी गेल्या गेल्या दाखवून घे. ती मोजे काढत होती. "माघात सुरेखाचं लग्न आहे. मुलीच्या आईला असला रोग, हे त्या लोकांना कळलं तर उंबऱ्यातून परत फिरतील. आणि आप्पांच्या पोटात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊक आहे. लग्न होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येते. त्याआधी तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." आता यावर माणसाने काय करावं? शपथ मोडावी? तिने हातमोज्यांच्या दोन जोड्या घेतल्या, एक तिला, एक मला. दोघी वर आलो. पुरुषांनी विचारलं, काय खरेदी? ती म्हणाली, "मोजे." सगळे हसले. कोरियाला जाऊन मोजे आणले म्हणून आमच्या गल्लीतही वर्षभर हसत होते.

मी काहीच केलं नाही असंही नाही. सुरतेला परतल्यावर साडी घेण्याच्या निमित्ताने तिला बळेबळे एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, चेहरा गंभीर केला, चिठ्ठी लिहून दिली. उद्याच्या उद्या तपासणी करा, म्हणाल्या. द्वारकाताईने चिठ्ठीची चौघडी केली आणि पोलक्यात ठेवली, त्या गाठीच्याच बाजूला. "माघ किती लांब आहे गं?" रिक्षात ती मलाच विचारत होती. पुढचे अडीच महिने मी रोज सकाळी ठरवायचे की आज आप्पांना सांगायचं. दुकानात जायचे, आप्पा म्हणायचे, या विमलताई, चहा घ्या. मी चहा प्यायचे आणि परत यायचे. दुसरीकडे सुरेखा मेंदीच्या कोनाबद्दल विचारायची, तिच्या तोंडावरचा आनंद बघून मी तिच्याबरोबर कोनच निवडत बसायचे. लग्न थाटात झालं. द्वारकाताईने स्वतः उभं राहून पंगती वाढल्या. मी जेवले त्या लग्नात, जिलबीसुद्धा खाल्ली. ती जिलबी मला अजून आठवते.

ऑपरेशन फाल्गुनात झालं. तिने दिलेला शब्द पाळला, पाचपरतावणाच्या दुसऱ्या दिवशी आप्पांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. किती आधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आप्पांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं... ते नुसते भिंतीला टेकून उभे होते. पुढे तिचा डावा हात सुजू लागला. काखेतल्या गाठी काढल्या की असं होतं म्हणे. हात असा सुजला की त्यातल्या बांगड्या रुतायला लागल्या आणि एक दिवस त्या वाढवाव्या लागल्या. शरीर कापलं तेव्हा जी रडली नव्हती ती त्या दिवशी लहान मुलीसारखी रडली. "धनी समोर बसलाय आणि माझा हात मोकळा..." आप्पा उठून बाहेर गेले. मी तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या उगाचच सारख्या करत बसले. दुसरं काय येत होतं मला?

तरी पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ती मिरची कुटायला बसली! मी पोहोचले तर उजव्या हातात कोपरापर्यंत लाल मोजा, डावा हात उशीवर ठेवलेला. "त्या हाताला मोजा चढत नाही गं," ती म्हणाली, "हा एकटाच कमावता." मी तिच्यावर ओरडले, मुसळ हिसकावलं, माझ्याच्याने झालं तेवढं कुटून दिलं. माझी मोज्यांची जोडी तर पहिल्याच वर्षी फाटली होती, नीट वापरतो कोण? संध्याकाळी माझे हात भगभगत होते आणि ती ताकाचं भांडं माझ्यापुढे सरकवत होती. तो उन्हाळा शेवटचा. पावसाळाभर ती अंथरुणावर होती. भादव्यात गेली. शपथ मी शेवटपर्यंत पाळली आणि तिचं मेलेलं तोंडही बघितलं. मग ती शपथ होती कशाची, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. सुरेखा मला मोरीकडे घेऊन गेली. खुंटीवरून तिने ते हातमोजे काढले आणि माझ्या हातात दिले. "मावशी, आईने सांगितलं होतं, हे तुला द्यायचे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? तुला कधी कळलं होतं?" बाहेर कुणीतरी भांडी आवरत होतं. मी म्हणाले, "तुझ्या लग्नानंतर. सगळ्यांबरोबरच." तिने मान हलवली. तिला ते पटलं का, देव जाणे. खोटं बोलताना माझा आवाज कापला नाही. अडीच महिन्यांची सवय होती.

सुरेखा, तू वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतेस हे मला ठाऊक आहे. तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नाही म्हणून इथे लिहिते. मला आधीपासून ठाऊक होतं. तुझं लग्न हे कारण होतं, पण दोष तुझा नाही, तुला तर काही माहीतच नव्हतं. तुझ्या आईचाही नाही, तिने आईपण केलं. मी मात्र तिची मैत्रीण होते. मैत्रिणीने शपथ मोडायची असते, एवढं शहाणपण मला वेळेवर सुचलं नाही. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण तुझ्या बाळाचं, माझ्या नातवाचं, तोंड तेवढं दाखवत जा.

ते हातमोजे आता माझ्या मोरीत आहेत. उजवा पार विटलाय, बोटांशी गुलाबी पडलाय, तळव्याला हळदीचे डाग, अंगठ्याला चीर. डावा अजून दुकानातून आणल्यासारखा कोरा, लालभडक. परवा पुसताना सहज हात घालून बघितला. माझ्या हाताला तो अगदी बरोबर बसतो. मी काढून परत खुंटीला लावला. मला तो वापरवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला देववतही नाही.