डावं पायडल

जिंतूरला ट्रॅव्हल्सच्या टपावर आमची सायकल चढवली, त्या संध्याकाळी गाडीतल्या लोकांची चांगलीच करमणूक झाली. पुण्याला जाताना लोक गादी नेतात, ज्वारीचं पोतं नेतात, गॅसची शेगडी नेतात. आम्ही निघालो होतो सासऱ्यांच्या काळातली, मधल्या दांडीची, उंच काळी सायकल घेऊन. ड्रायव्हर म्हणाला, तिकडं भंगारात याच्यापेक्षा चांगल्या मिळतात. आमचे हे टपावर चढून शेळीच्या केसांच्या दोरीनं ती बांधत होते आणि वरूनच हसत होते. खरं तर सायकल न्यायचा हट्ट त्यांचा नव्हता आणि माझाही नव्हता. तो मामींचा होता. मामी म्हणजे माझ्या सासूबाई.

"गाव मोठं हाय म्हणतेत. पायी कुठवर फिरताल?" एवढंच त्यांचं म्हणणं. सायकल वर जायच्या आधी त्या खाली वाकल्या आणि पदरानं तिचं डावं पायडल स्वच्छ पुसलं. उजव्याला हात लावला नाही. तोवर हमालानं सायकल उचलली होती, म्हणून मला वाटलं, घाईत राहिलं असेल. गाडी हलली तेव्हा त्या स्टँडच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात आता त्या आणि त्यांची शेरडं.

हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय. आमच्या बोरीच्या आसपास शेतात, वस्तीवर राहिलात त्या तुम्ही, आणि इकडं पुण्यात धायरी-नऱ्ह्याला दहा बाय दहाच्या खोल्या करून राहिलात त्याही. गावाकडच्या बाया मला अजून विचारतात की तू परत का आली नाहीस. इकडच्या विचारतात, ही एवढी मोठी गड्याची सायकल कशाला चालवतेस, लेडीज का घेत नाहीस. दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा यांच्या मागं कॅरेजवर बसून बोरीच्या बाजाराला गेले, तेव्हा मी नव्या नवरीसारखी एका बाजूला दोन्ही पाय सोडून, सीटच्या स्प्रिंगला धरून बसले होते. ओढ्यानंतरचा चढ आला तशी मी उतरायला लागले. हे म्हणाले, "उतरू नको, पाय लाव." मला कळेचना. मग कळलं की मागं बसलेल्या बाईनं जरा वळायचं आणि पुढचा पाय डाव्या पायडलाच्या कडेवर टेकवायचा. नवऱ्याचा पाय खाली जाताना आपणही दाबायचं. बसणारीचं तोंड डावीकडं असतं, म्हणून तिला डावंच पायडल पोचतं, आणि तेही उजव्या पायानं. उजवं पायडल एकट्या नवऱ्याचं. मी हसून हसून बेजार झाले. हे काय सर्कशीचं काम म्हटलं. तर म्हणाले, "आमच्यात असंच हाय."

मला ते जमायला एक उन्हाळा गेला. जमलं ते असं जमलं की चढ कधी आला आणि कधी संपला हे दोघांना बोलावं लागत नव्हतं. डाव्याला जोर दुप्पट, उजव्याला एकेरी, म्हणून आमची सायकल चढाला जरा लंगडत चालायची.

पुण्यात ती तशीच लंगडत चालली. यांना एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं काम मिळालं, मला सोसायट्यांमध्ये पोळ्यांची कामं. सकाळी हे मला सोसायटीच्या गेटवर सोडायचे आणि पुढं जायचे. वाटेत हायवेवरचा पूल. त्याच्या चढाला सायकलवाले झाडून सगळे उतरतात आणि ढकलत जातात. आम्ही उतरत नव्हतो. बसमधले लोक खिडकीतून बघायचे. रविवारी ते हेल्मेट आणि घट्ट चड्ड्या घातलेले हौशी सायकलवाले भेटायचे. सिंहगडाला निघालेले असायचे. एकदा त्यांच्यातल्या एकानं शेजारून जाताना माझा पाय बघितला आणि पुढं जाऊन परत वळून बघितला. हे म्हणाले, "बघून घे बाबा, असल्या पायडलाची मिळत न्हाई दुकानात." गर्दी, धूर, हॉर्न, मागून अंगावर येणारे टेम्पो, सगळं होतं. मला त्या शहराची भीती फार वाटायची. पण भीती वाटायची ती गेटवर उतरल्यानंतर. कॅरेजवर बसून कधीच वाटली नाही.

यांचं नाव बालाजी. हयातीत कधी घेतलं नाही. आता घेतलं तर रागावणार कोण?

मग एका पावसाळ्यात आमच्या गल्लीत घरटी एक ताप होता. यांनाही आला. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, रिक्षा करू. तर म्हणाले, एवढ्याशा तापाला रिक्षा कशाला, दवाखाना पुलाच्या अलीकडंच आहे. सायकल काढली. पण पायात जीव नव्हता. हँडल त्यांच्या हातात, पाय पायडलावर नुसते ठेवलेले, ते आपोआप खालीवर होत होते. मी मागून दाबत होते. डावं पायडल खाली गेलं की सायकल थोडी पळायची, उजव्याच्या वेळी थांबायला यायची, परत डावं. सपाट रस्ता होता म्हणून गेली. त्यांच्या पाठीतली उष्णता माझ्या खांद्याला लागत होती. दवाखान्याच्या दाराशी पाय टेकवून ते म्हणाले, "आज तूच न्यायलीस मला."

थट्टेनं म्हणाले होते. ते त्यांचं माझ्याशी नीट बोललेलं शेवटचं वाक्य. तिथून मोठ्या दवाखान्यात हलवलं, डेंग्यू निघाला, आणि चार दिवसांत माणूस गेला. सायकल त्या छोट्या दवाखान्याच्या भिंतीला टेकलेली तशीच राहिली.

त्यांना गावाला नेलं. मामी रडल्या नाहीत. त्या मला धरून बसल्या होत्या, मीच त्यांची लेक असल्यासारख्या. तेरावं झाल्यावर म्हणाल्या, "तू तिथं एकलीनं काय करतीस? जा, खोली रिकामी कर, सायकल घे आन् ये निघून. आपुन दोघी ऱ्हाऊ." मी हो म्हटलं. खरंच तसंच करायचं होतं. भांडी बांधून ठेवली, घरमालकाला सांगितलं आणि सायकल आणायला त्या दवाखान्यापाशी गेले. पावसानं सीट भिजून फुगलं होतं, चेन गंजली होती. हातात धरून निघाले. रस्त्यानं जाताना लक्षात आलं की मी तिच्या डाव्या अंगानं चालतेय, कॅरेजच्या बाजूला, आणि हँडल धरायला पुढं वाकतेय. एवढी वर्षं मी ही सायकल पळवत होते आणि मला ती चालवता येत नव्हती. पायडल येत होतं, हँडल येत नव्हतं.

त्या दिवशी मला फार राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, देवाचा असेल, यांचाही असेल. माणसानं निदान अर्धी तरी सायकल शिकवून जावं. मी खोलीवर आले, बांधलेली भांडी तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सोसायटीमागच्या मैदानात गेले. लग्नानंतर पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला, कारण मधली दांडी साडीला ऐकत नाही. पहिले आठ दिवस नुसती पडत होते, आणि पडायची ती डावीकडंच. माझा जोर सगळा डाव्या पायडलाला. उजव्याची पाळी आली की मी थांबायची, कुणीतरी दुसरं मारील म्हणून. सोसायटीचे वॉचमनकाका बीडकडचे. ते म्हणाले, "ताई, उजवा पाय गावाकडं ठिवून आल्या का?" मी हसले, आणि मग मैदानातच खाली बसून पोट भरून रडले. काका बिचारे घाबरून पाणी घेऊन आले.

सायकल चालवायला आली, पण मी गावाला गेले नाही. मामींचा रोज संध्याकाळी फोन. शेरडांचं सांगायच्या, सोयाबीनचं सांगायच्या आणि शेवटी विचारायच्या, "कधी यायलीस?" मी म्हणायची, ह्या महिन्यात बघते. असे किती महिने गेले. त्यांना कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. गावात यांना अग्नी दिला. गावात गेले की मला तेवढंच दिसतं. जगले ते इकडं. गेटवर मला सोडून जाताना ते घंटी वाजवायचे, ती इकडं वाजली. मी रोज त्याच रस्त्यानं जाते, त्याच पुलावरून. हा रस्ताही सोडला तर माझ्याकडं काय उरतं? पण तिकडं एक म्हातारी रोज दोन भाकरी थापून एकच खातेय हेही मला दिसत होतं. हा माझा जीव दोन्हीकडून ओढला जात होता.

शेवटी त्याच आल्या. शेरडं शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून, एकट्या, ट्रॅव्हल्सनं. न्यायलाच आल्या होत्या. पिशवीत माझ्यासाठी नवं लुगडं होतं. खोली बघितली, यांचा शर्ट अजून खुंटीला होता तो बघितला. रविवारी सकाळी म्हणाल्या, "त्यो जायचा त्यो रस्ता मला दाव."

मी म्हटलं, रिक्षानं जाऊ. त्यांनी सायकलकडं बोट केलं.

कॅरेजवर घोंगडीची घडी टाकली आणि त्या बसल्या. एका बाजूला पाय सोडून, सीटच्या स्प्रिंगला धरून. वजन फार नव्हतंच त्यांचं. मी त्यांना सगळं दाखवत निघाले, इथं चहा प्यायचे, इथं पंक्चर काढायचे, ही माझी सोसायटी, हे गेट. त्या नुसत्या हूं म्हणत होत्या. पुलाचा चढ लागला. एकटी असताना मी तिथं उतरते. माझं बळ तेवढं नाही. म्हटलं, "मामी, उतरा आता. चढ हाय, ढकलत नेऊ."

त्या उतरल्या नाहीत. माझी सायकल थांबायला आली, आणि डावं पायडल खाली गेलं. मी दाबलं त्याच्यापेक्षा जोरात गेलं. खाली बघितलं तर माझ्या चपलेच्या कडेला एक अनवाणी पाय. जोडवी काढलेल्या बोटांवरचे पांढरे वळ, भेगाळलेली टाच. मी उजवं मारलं. डावं परत आपोआप हलकं झालं.

"थांबू नको," मागून आवाज आला, "मार."

अख्खा चढ आम्ही बसून चढलो. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हँडल सोडून पुसताही येत नव्हतं. वर आल्यावर मी कठड्याला पाय टेकवला. खाली हायवेवर गाड्यांची रांग लागली होती. मामी धापा टाकत होत्या. मग म्हणाल्या, "बाजाराला आमी असंच जायचो. बालाजी म्होरं दांडीवर बसायचा, आन् वाकून वाकून माझ्या पायाकडंच बघायचा. पडशील म्हनलं तरी ऐकायचा न्हाई." असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीला कपाळ टेकवलं आणि त्या रडल्या. तेराव्याला न रडलेलं सगळं त्या तिथं रडल्या. मी मागं वळले नाही. मी समोरच्या रिकाम्या दांडीकडं बघत होते. बाजूनं ते हेल्मेटवाले एकामागून एक चढून गेले, त्यातला कुणी थांबला नाही ते बरंच झालं.

दोन दिवसांनी त्या परत निघाल्या. मी म्हटलं, इथंच राहा. म्हणाल्या, शेरडं कुणाच्या जिवावर सोडू, आणि त्याचा बाप तिथं आहे, आता तोही तिथं आहे. मला वाटलं, आता त्या विचारतील. नवं लुगडं माझ्या उशाशी तसंच होतं. त्यांची पिशवी मी सायकलला अडकवून गाडीच्या थांब्यावर आणली होती. गाडी आली तशी त्यांनी पिशवी काढून घेतली, आणि त्या पायडलापाशी खाली वाकल्या. पदरानं डावं पायडल पुसलं. मग सायकलला वळसा घालून पलीकडं गेल्या आणि उजवंही पुसलं. गाडीत चढल्या. "कधी यायलीस?" हे त्यांनी विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि त्यानंतर कधीच नाही.

इकडच्या बाया विचारतात, घर कुठलं तुझं? बोरीकडचं, असं तोंडातून निघतं. गावाला दिवाळीत गेले की मात्र तिथं मी म्हणते, परवा घरी जायचंय. म्हणजे मलाच ठाऊक नाही म्हणा. पुलाचा चढ लागला की डावं पायडल वर आल्यावर मी क्षणभर पाय सैल सोडते. मागं कुणी नाही हे मला माहीत आहे, तरी सोडते. सायकल डगमगते. मग कधी दाबते, कधी उतरते.

संध्याकाळी मामींचा फोन येतो. शेरडांचं सांगून झालं की विचारतात, "आज चढ उतरून चढलीस का बसून?"

"बसून, मामी," मी म्हणते. उतरले असले तरी.

"बरं," त्या म्हणतात. मग दोघीही काही बोलत नाही आणि फोनही ठेवत नाही. त्यांच्या बाजूला शेरडं ओरडत असतात, माझ्या बाजूला रस्ता. तेवढा वेळ मी घरी असते.