सहा म्हणजे सात

खडकीच्या कॉलनीत आता कुठलाही कार्यक्रम असू द्या, जयंतीचा असो, गणपतीचा असो, नाहीतर कुणाच्या नातवाचा वाढदिवस असो, मांडवात पहिली खुर्ची धरून बसलेली बाई म्हणजे हिरा. मांडववाले म्हणतात, "मावशी, अजून माईकसुद्धा लागला नाही." ही म्हणते, "लागू द्या. मी बसते." पोरं हसतात. हसोत बापडी. गेल्या फेब्रुवारीपर्यंत हीच हिरा तासभर उशिरा उगवायची आणि वर ऐकवायची, वेळेवर जातात ते रिकामटेकडे.

नोकरीत मात्र तसं नव्हतं हं! नवरा गेल्यावर त्याच्या जागी दारूगोळ्याच्या कारखान्यात लागली, त्याला एकोणतीस वर्षं झाली. भोंगा झाल्यावर तिचं पाऊल फाटकात पडलंय असं एकदाही झालं नाही. पण कार्यक्रमाचं तिचं गणित वेगळं. "अगं, पत्रिकेत सहा म्हणजे सात. पाहुणे येणार साडेसातला. मग हार, मग सत्कार, मग ज्याचा सत्कार राहिला त्याचा रुसवा. गाणं कुठं आठला!" आणि कॉलनीत हे गणित कधी चुकलं नव्हतं. स्वतः जयंतीच्या कमिटीत, निम्मे रुसवे तिनेच काढलेले.

शेजारच्या क्वार्टरमधली मुक्ताई तिची वीस वर्षांपासूनची मैत्रीण. मूळची वाशीमकडची, हळू बोलणारी, आणि हिराताई म्हणेल ती पूर्व दिशा मानणारी. तिची मुलगी राजनंदिनी सात वर्षांची असल्यापासून गाणं शिकत होती. क्लास पेठेत. मुक्ताई तिला बसने घेऊन जायची आणि तास संपेपर्यंत जिन्यात बसून राहायची, कारण गाणं शिकवणाऱ्या बाईंना आत आयांची लुडबुड खपत नसे. बारा वर्षं त्या माउलीनं पोरीचं गाणं बंद दाराआडून ऐकलं. घरी पोरगी समोर गायला लाजायची.

आणि त्या फेब्रुवारीत राजनंदिनीला खराडीच्या एका मोकळ्या मैदानावरच्या मोठ्या मैफलीत सुरुवातीची दहा मिनिटं मिळाली. एकटीनं स्टेजवर बसून गायची पहिलीच वेळ. तिनं आईच्या हातात दोन पास दिले नि म्हणाली, "आई, आता जिना नाही. समोर बसायचं."

वडिलांची नेमकी दुसरी पाळी. पोरगी दुपारीच साथीदारांबरोबर निघून गेली. मुक्ताई म्हणाली, "मी रिक्षानं जाते, लवकर पोचेन." झालं, हिराला तेवढंच पुरे. "रिक्षा कशाला? माझी गाडी काय लोणच्याला ठेवलीय?" बावन्नाव्या वर्षी स्कूटर शिकलेली बाई ती. मागे बसायला कुणी मिळालं की तिला स्वर्ग दोन बोटं उरायचा.

साडेचारला निघायचं ठरलं होतं, निघाल्या पाच वाजता. का, तर हिरा भाकरी थापत बसली होती. "तिथं वडापावला सोन्याचा भाव असतो," म्हणत तिनं चार भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली. होळकर पुलापर्यंत आल्यावर आठवलं की पेट्रोलचा काटा तळाला टेकलाय. पंपावर रांग. येरवड्याला गाडी पुन्हा थांबली, कारण समोर बसणाऱ्या आईच्या केसात गजरा नको का? मुक्ताई मागून हळूच म्हणाली, "हिराताई, सहाला आहे गं." हिरानं गजरा तिच्या अंबाड्यात खोचला. "सहा म्हणजे सात. बस गप."

नगर रस्त्याला मुक्ताईनं फोनवर नकाशा लावला. फोनमधली बाई उजवीकडे वळा, उजवीकडे वळा म्हणून कंठशोष करत होती. हिरा म्हणाली, "बंद कर तिला. चाळीस वर्षं पुण्यात आहे मी, ही काल आलेली मला रस्ता शिकवणार!" आणि तशीच सरळ गेली ती पार बायपास ओलांडून. शेवटी गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या एका पोराला विचारावं लागलं. त्यानं कानातले इअरफोन न काढताच सांगितलं, "मावशी, मैदान मागे राहिलं. पुढे थेट नगर आहे, तिकडे काम असेल तर जा." हिरानं त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि गाडी वळवली.

एवढं सगळं होऊनही मैदानाच्या फाटकाशी त्या पोचल्या तेव्हा सहाला पाच कमी होते. हे लक्षात ठेवा. उशीर झालेला नव्हता. पेट्रोल, गजरा, बायपास, सगळं माफ होतं. त्याच पावली आत गेल्या असत्या तर मुक्ताई समोर बसली असती.

पण फाटकावर पिशवी तपासणाऱ्यानं डबा काढला. "बाहेरचं खायचं आत चालत नाही. त्या पिंपात टाका, नाहीतर इथेच खाऊन या."

"अन्न पिंपात टाकू?" हिराचा पारा चढला. "तुझ्या आईला विचार जा, भाकरी टाकतात का ते!"

मुक्ताई काकुळतीला आली. "डबा गाडीच्या डिकीत ठेवू या ना."

गाडी लावली होती तिथं जाऊन यायला दहा मिनिटं तरी गेली असती. हिरानं ठरवलं, नाहीतरी आत अजून खुर्च्याच लावत असतील. कुंपणाला लागून एक कडुनिंब होता, त्याखाली तिनं ओढणी पसरली नि मुक्ताईला हात धरून बसवलं. "दोन घास खा. पोरीचं गाणं उपाशीपोटी ऐकणार का? अजून पाहुणेसुद्धा आले नसतील."

मुक्ताई एकटीच आत जाऊ शकली असती. पण वीस वर्षांत तिनं हिराताईचा हात कधी सोडवून घेतला नव्हता. बसली बिचारी.

कुंपणापलीकडे जनरेटर धडधडत होता. दुसरी भाकरी मोडली तेव्हा त्या धडधडीतून तंबोरा ऐकू यायला लागला, मग एका मुलीचा आवाज. मुक्ताईचा घास हातातच राहिला.

"हिराताई, आवाज ओळखीचा वाटतोय गं."

"माईक तपासतायत. माईकवर सगळे आवाज सारखेच."

"नाही गं, राजूसारखाच..."

"अगं, दीप लागल्याशिवाय गाणं सुरू होईल का? खा निवांत. चटणी घे."

मुक्ताईनं घास खाली ठेवला नि मान तिरकी करून कुंपणाकडे कान लावला. अगदी जिन्यात बसायची तशी. हिरा चटणीत लसूण कमी पडला म्हणून सांगत राहिली. मग गाणं थांबलं, कुणीतरी माईकवर दोन वाक्यं बोललं, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की जनरेटरसुद्धा ऐकू येईना. माईक तपासणीला कोण टाळ्या वाजवतं? हिराच्या हातातली भाकरी डब्यात पडली.

आत धावत गेल्या तोवर स्टेजवर मुख्य गायकाचा परिचय चालू होता. खुर्च्या केव्हाच भरलेल्या, सत्कार नाही, भाषण नाही, काही नाही. शेवटच्या रांगेतल्या एका बाईंना हिरानं विचारलं, "ती पहिली मुलगी कधी गाणार?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "झालं की तिचं. पासवर सहा लिहिलंय ना? दहाला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणून वेळेवर सुरू करतात. छान गायली हो. तुम्ही चुकवलंत."

हिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुक्ताईनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती फक्त रिकाम्या स्टेजकडे बघावं तशी बघत उभी राहिली, वास्तविक तिथं आता चार माणसं बसली होती.

मध्यंतरात राजनंदिनी त्यांना शोधत आली. जरीकाठाची साडी, कपाळावर घाम, चेहरा नुसता उजळलेला. "आई! लाइट डोळ्यांवर होते गं, मला कुणीच दिसलं नाही. कुठं बसला होतात? कसं झालं?"

आणि इथं हिरानं जे केलं त्याला तोड नाही. मुक्ताईनं तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "काय गायलीस गं बाई! अंगावर काटा आला! तुझी आई तर नुसती रडत होती!" लाज झाकायला सुचेल ते फेकत गेली, आणि फेकून झाल्यावर कळलं की आता मुक्ताईलाही तेच म्हणावं लागणार.

राजनंदिनीनं आईचे दोन्ही हात धरले. "आणि शेवटी मी तुझ्याबद्दल बोलले ते? बोलू नको म्हणाले होते सगळे, तरी बोलले. फोनवर घेतलंस ना? रेकॉर्ड करायला मी दुसऱ्या कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हटलं तू घेशीलच."

मुक्ताईनं एकदा हिराकडे पाहिलं. रागानं नाही, ती तशी बाईच नव्हे. मग लेकीचा पदर सारखा करत म्हणाली, "हात थरथरत होते गं राजू. नाही घेता आलं. पण ऐकलं सगळं."

"मग सांग ना, आवडलं का?"

"खूप," मुक्ताई म्हणाली.

हिरा तिथंच उभी. खरं सांगून टाकावं असं जिभेच्या टोकावर आलं होतं. पोरीचा चेहरा पाहिला नि धीर झाला नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते कशाला म्हणतात, हे तिला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. उरलेली मैफल दोघींनी शेवटच्या रांगेत उभ्यानं ऐकली, म्हणजे हिरानं तरी काही ऐकलं नाही. राजनंदिनी साथीदारांबरोबर मागे राहिली.

परतताना हिरा गाडी इतकी हळू चालवत होती की सायकलवाले पुढे जात होते. माफी कशी मागावी याची वाक्यं ती मनात जुळवत होती. येरवड्याच्या सिग्नलला गाडी थांबली. गजरा पार सुकला होता. मुक्ताईनं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हिराताई, रागावू नकोस, एक विचारू?"

"विचार ना गं."

"गाणं संपल्यावर ती जे बोलली ना, त्यातलं मला नुसतं 'आई' एवढंच ऐकू आलं. तिला आता विचारता यायचं नाही, ऐकलं म्हणून बसलोय आपण. तू माझ्याहून कुंपणाजवळ बसली होतीस. तुला काही कळलं होतं का गं?"

हिराला नीट आठवत होतं. तेव्हा ती लसणाबद्दल बोलत होती. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी तिला गाडी काही पुढे घेता येईना.